पास होत नाही

मी हे लिहितो आहे याबद्दल आधी क्षमा मागायला हवी. ज्या देशात मी जेमतेम आठ दिवस होतो, तिथल्या लोकांनी काय भोगलं यावर मी तोंड उघडणं मलाच आगाऊपणाचं वाटतं. शिवाय यातली महत्त्वाची गोष्ट माझी नाहीच, दुसऱ्याची आहे. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लिही. पण नाव कोणाचं घालू नको. माझ्या आईने उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नाही, तू कशाला छापतोस?" म्हणून इथे कोणालाच नाव नाही.

माझं मराठीही सातवीत थांबलेलं आहे. आमच्या गावातली उर्दू शाळा बंद पडली होती म्हणून मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकलो, आणि तिथून थेट मस्कतच्या इंग्रजी शाळेत आलो. घरी आम्ही कोकणी मुसलमानांची बोली बोलतो. ती मला लिहिता येत नाही. त्यामुळे माणसं जे बोलली ते मी शाळेतल्या मराठीत उतरवलं आहे. मध्येच एखादा 'मना' किंवा 'तुना' राहिला तर तो आमचा समजावा.

माझे अब्बा मस्कतच्या गाला भागात एका गॅरेजात डेंटर आहेत. ठोकर लागलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे मी बौशरमधल्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा घरातल्यांना नक्की काय विचारावं हेही कळायचं नाही. अब्बा रोज एवढंच विचारायचे, "आज शिकवलं ना?" मी हो म्हणायचो. मग ते समाधानाने हात धुवायला जायचे.

दुसऱ्या वर्षाला मी इतिहासाचा एक विषय घेतला होता, तो वेळापत्रकात बसत होता म्हणून. त्या विषयाची सहल दक्षिण आफ्रिकेला जाणार होती. दोन जणांचा खर्च कॉलेज करणार होतं, त्यासाठी निबंध लिहायचा होता. मी लिहिला आणि विसरून गेलो. माझं नाव लागलं तेव्हा मी तो विषय शिकवणाऱ्या मिसना दोनदा विचारलं की यादी बरोबर आहे ना.

अब्बांच्या गॅरेजला लागून गाड्यांच्या सीटा शिवण्याचं दुकान आहे. ते चालवतो एक जण, पण तिथे खरे बसतात त्याचे वडील. आमच्या गावाच्या समोर, खाडीपलीकडचं गाव त्यांचं. नात्याने ते आमचे कोणी नाहीत, पण मी त्यांना चाचाच म्हणतो. सत्तरी कधीच ओलांडली आहे. आता मुलाच्या व्हिसावर राहतात, रोज सकाळी अल अमेरातहून मुलाच्या गाडीतून डोंगर उतरून येतात आणि कोणी सांगितलं नसताना वाकडी सुई घेऊन कामाला बसतात. मुलगा म्हणतो, "अब्बा, आराम करा." ते म्हणतात, "आराम करायला मी काय सोफा शिवलाय?"

त्या शनिवारी मी अब्बांचा डबा घेऊन गेलो आणि चाचांना सहलीची बातमी सांगितली.

"कुठे म्हणालास?"

"साउथ आफ्रिका. केपटाउन."

त्यांनी सुई सीटमध्येच राहू दिली. "केपला?"

नुसतं 'केप' असं म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"तिथे काय बघणार?"

"वर्णभेदाचा इतिहास." हा शब्द मी आदल्या दिवशी फोनवर शोधला होता. शाळेत वर्ण म्हणजे अक्षर एवढंच शिकलो असल्यामुळे पहिल्यांदा मला तो व्याकरणातलाच काही प्रकार वाटला होता, ऱ्हस्वदीर्घासारखा. चाचांनाही कळला नाही. मग मी सांगितलं, "गोऱ्यांनी काळ्यांना वेगळं ठेवायचं. राहायचं वेगळीकडे, बसायचं वेगळीकडे, कायदाच तसा."

"ते ठाऊक आहे. आपल्या लोकांना कशात घातलं होतं? गोऱ्यांत की काळ्यांत?"

मी पुस्तकाचे तीन धडे वाचले होते, पण हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. "माहीत नाही," मी म्हणालो.

"मग कॉलेज काय शिकवतं तुना?"

त्यानंतर त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं पूर्वीपासून केपला जायची. फळं विकायची, किराणा दुकान टाकायची, काही वर्षांनी घरी येऊन परत जायची. चाचांचे वडील शेवटचे गेले तेव्हा चाचा आईच्या पोटात होते. आईला घेऊन जायचं ठरलं होतं. पत्रं येत होती. आईला वाचता येत नव्हतं, शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे. एका पत्रात होतं, 'इकडे पास होत नाही. खटपट चालू आहे.' पुढच्या पत्रातही तेच, पास होत नाही. मास्तरांनी ते ओटीवर मोठ्याने वाचलं आणि दुसऱ्या दिवशी गावभर झालं की अमकीचा नवरा केपला परीक्षेला बसलाय आणि नापास होतोय.

"खरंच तसं वाटलं लोकांना?" मी विचारलं.

"वाटलं कसलं. गावात जहाजावरची माणसं होती, त्यांना पास म्हणजे काय ते कळत नव्हतं होय? पण चेष्टा करायला मिळाली तर कोण सोडतो. मी शाळेत गेलो तर पोरं मला 'नापासाचा' म्हणायची. नापासाचा आला, नापासाचा गेला. चौथीत शाळा सोडली मी. म्हटलं, आपण परीक्षाच द्यायची नाही."

ते हसले. मीही हसलो, पण मग थांबलो.

पुढे पत्रं बंद झाली. केपहून परत आलेल्या कोणीतरी सांगितलं की त्याने तिकडे दुसरं घर केलं. आई त्यावर कधी काही बोलली नाही. माहेरच्यांनी तिला सांगितलं, पास-बिस सगळी बहाणेबाजी होती, आणायचंच नव्हतं त्याला. चाचांनीही तेच खरं धरलं. स्वतः मस्कतला आले, चाळीस वर्षं सीटा शिवल्या, मुलगा मोठा केला. पण व्हिसा काय असतो, तो कसा नाकारतात, हे इथे आल्यावर कळलं आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळायला लागला.

"मना एवढंच कळू दे," ते म्हणाले. "आम्हाला येऊ दिलं नाही, की त्याने बोलावलंच नाही. दोन्हींपैकी एक. कबर-बिबर शोधू नको."

मी कागदावर त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव लिहून घेतलं. अब्बांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "कॉलेज शिकायला पाठवतंय, तू शिक. म्हाताऱ्याच्या बापाला शोधायला तुझ्याकडे काय पोलीस आहेत?" पण निघायच्या दिवशी बॅगेची चेन लावताना त्यांनीच विचारलं, "तो कागद घेतलास ना?"

आम्ही अकरा विद्यार्थी होतो आणि मिस. बहुतेक ओमानी, तिघे-चौघे भारतीय. माझ्या खोलीत जो ओमानी मुलगा होता त्याची आजी झांझिबारची, घरी स्वाहिली बोलणारी. आफ्रिकेत आपलीच भाषा चालणार या तोऱ्यात त्याने विमानतळावर गाडीच्या ड्रायव्हरला स्वाहिलीत दुवा-सलाम केला. ड्रायव्हरने शांतपणे इंग्रजीत सांगितलं की ती भाषा इथून चार देश वर. आठही दिवस आम्ही त्याला त्यावरून छळलं. काही मागायचं असलं की कोणीतरी म्हणायचं, "यल्ला, चल, स्वाहिलीत विचार."

तिसऱ्या दिवशी आम्ही एका छोट्या म्युझियममध्ये गेलो. शहराच्या मधोमध एक वस्ती होती, तिथल्या सगळ्या लोकांना उठवून लांब टाकलं आणि घरं पाडली, त्या वस्तीची आठवण म्हणून ते केलेलं आहे. लांब टाकलं म्हणजे रंगाप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी टाकलं, एका गल्लीतले शेजारी तीन दिशांना. जमिनीवर त्या वस्तीचा मोठा नकाशा अंथरलेला होता आणि जुने रहिवासी येऊन आपापल्या घराच्या जागी स्वतःचं नाव लिहून गेले होते. मी त्या नकाशाच्या कडेकडेने चालत होतो. कोणाच्या नावावर पाय देणं बरं दिसेना.

भिंतीजवळ काचेच्या पेटीत एक लहानसं पुस्तक उघडून ठेवलं होतं. एका काळ्या माणसाचा फोटो, शिक्के, आणि महिन्या-महिन्याची सही. शेजारी लिहिलं होतं ते वाचून मी थबकलो. पास. हे पुस्तक जवळ नसेल तर शहरात फिरता येत नसे, पोलीस पकडत. मालकाला दर महिन्याला त्यात सही करावी लागे.

मला एवढा आनंद झाला की तो तिथे शोभणारा नव्हता. मी फोटो काढला आणि लगेच चाचांच्या मुलाला पाठवला, सोबत आवाजात निरोप: "चाचांना सांगा, पास म्हणजे हे. परीक्षा नाही. हे पुस्तक मिळत नव्हतं म्हणून अडलं असणार." पाच मिनिटांत चाचांचाच आवाज आला. मागे मशीन चालू होती. "हेच? माझ्या बापाला हेच देत नव्हते?" मी उत्तर पाठवलं, "हो."

आम्हाला म्युझियम दाखवणारे गृहस्थ चाचांच्याच वयाचे होते, त्याच वस्तीत जन्मलेले. मी त्यांच्याजवळ जाऊन मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"नाही, बाळा," ते म्हणाले. "हे पुस्तक आफ्रिकन लोकांसाठी होतं. हे मिळत नाही म्हणून कोणी रडलं नाही, हे बाळगावं लागतं म्हणून रडले. लोकांनी ही जाळली. तुझ्या माणसाला हे नको असणार आणि कोणी दिलंही नसतं. तो भारतातला ना?"

"हो. कोकणातला."

"कोकणी?" त्यांनी तो शब्द आमच्या गावात म्हणतात तसाच म्हटला. मग मला हाताला धरून नकाशावर नेलं. एका गल्लीवर बूट टेकवून म्हणाले, "इथे आमचा कोकणी दुकानदार होता. आम्हाला गोळ्या द्यायचा आणि आईला सांगायचा की किती दिल्या."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पण कुतूहल त्याहून मोठं होतं, म्हणून चाचांचा प्रश्न मी त्यांना विचारला: भारतीयांना कशात घातलं होतं. त्यांनी सांगितलं की भारतीयांचा कप्पाच निराळा होता, गोऱ्यांतही नाही आणि आफ्रिकनांतही नाही, कागद निराळे, राहायच्या जागा निराळ्या. एका प्रांतातून दुसऱ्यात जायलाही परवाना लागे. आधी बायको आणि लहान मुलं भारतातून आणता येत, मग कायदा करून तेही बंद केलं. आणि घरी जाऊन ठराविक मुदतीत परत आलं नाही तर परतण्याचा हक्क जायचा. "म्हणून कित्येक माणसं," ते म्हणाले, "इकडचीही राहिली नाहीत आणि तिकडचीही. सरकारी परवानग्यांना लोक सरसकट काहीही म्हणत. परमिट, पास, पेपर. पण तुझ्या त्या चाचांच्या वडिलांचं काय झालं ते मला कसं कळणार? ज्यांना मुलाबाळांना बोलवायचंच नव्हतं त्यांनाही हा कायदा सोयीचा होता."

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं, तोंडावर मारल्यासारखं वाटलं तरी.

संध्याकाळी हॉटेलच्या जेवणघरात आमची चर्चा असायची. मुदतीत परतण्याची गोष्ट मी सांगितली आणि बोलता बोलता म्हणून गेलो की सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर आमचाही ओमानचा व्हिसा जातो, आमच्याही खिशात कायम बताका असतो. बताका म्हणजे आमचं राहण्याचं कार्ड. एक ओमानी मुलगी म्हणाली, "पण ते सारखं नाही." तिचा आवाज दुखावलेला होता. सारखं आहे असं मला म्हणायचंच नव्हतं. अब्बा आपल्या इच्छेने इथे आले, त्यांना कोणी रंगावरून वेगळ्या वस्तीत टाकलेलं नाही, आणि मी तिच्याच शेजारी बसून त्याच कॉलेजात शिकतो. पण व्हिसाची तारीख जवळ आली की आमच्या घरात जी कुजबुज होते ती मला ठाऊक होती आणि तिला नव्हती.

मिस म्हणाल्या, "सारखं नाही, हे बरोबर. मग कुठे वेगळं आहे ते दोघांनी मिळून लिहा. वेगळं आहे एवढं म्हणून सुटायचं नाही."

आम्ही दोघांनी मिळून चार पानं लिहिली. माझ्या झांझिबारी मित्राने मध्येच येऊन त्याच्या आजीच्या घराण्याचे कागद कसे बुडाले ते त्यात घातलं, त्यामुळे ती पाच झाली. एकमत कुठेच झालं नाही. पण त्या मुलीने मला विचारलं की अब्बा काय काम करतात, आणि मी सांगितलं. दोन वर्षं एका वर्गात असून हे आम्ही कधी बोललो नव्हतो.

एक दुपार मोकळी होती. बाकीचे दोरीच्या पाळण्यातून डोंगरावर गेले. मला जायचं होतं, खोटं कशाला बोलू. पण मिस माझ्यासोबत जुने कागद सांभाळणाऱ्या एका छोट्या कार्यालयात आल्या. तिथल्या बाई चष्मा नाकावर ओढून काम करत होत्या. मी चाचांचा कागद पुढे केला. त्यांनी आडनाव कम्प्युटरवर घातलं, वेगवेगळ्या स्पेलिंगने घातलं. काही नाही.

"हे तुमच्या गावात वापरायचं आडनाव आहे," त्या म्हणाल्या. "बोटीवरून उतरल्यावर कारकुनाने काय लिहिलं ते वेगळं. गावाचं नाव सांगा. सावकाश. खलाशी उच्चारेल तसं."

मी खाडीपलीकडच्या गावाचं नाव तीन-चार तऱ्हांनी उच्चारून दाखवलं. त्यांनी प्रत्येक तऱ्हा लिहून घेतली. म्हणाल्या, सरकारी फायली दुसरीकडे आहेत, मी जाते तेव्हा बघेन, लवकर होईल अशी आशा धरू नका. मी माझा ईमेल दिला.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी गालाला गेलो. चाचांना फोनवर सांगायची हिंमत झाली नव्हती. दुकानात शिरलो. मी पाठवलेला फोटो मोठा छापून मशीनच्या वर भिंतीला लावला होता. येणाऱ्या प्रत्येकाला चाचा तो दाखवत होते. गॅरेजचा एक रंगारी, आमच्याकडचाच, मला बघून म्हणाला, "आले बघा प्रोफेसर. चाचांच्या बापाला पास केलंत तुम्ही."

मी चाचांच्या समोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. हे पुस्तक त्यांच्या वडिलांचं असू शकत नाही, ते वेगळ्या लोकांचं होतं, मी न विचारता घाई केली. कायद्याचंही सांगितलं, आणि त्या गृहस्थांचं शेवटचं वाक्यही, कारण ते गाळणं मला खोटेपणाचं वाटलं.

रंगारी म्हणाला, "म्हणजे परत नापास?"

कोणी हसलं नाही, तोही नाही. चाचा भिंतीकडे बघत होते. त्यांचा मुलगा फोटो काढायला स्टुलावर चढायला लागला.

"राहू दे," चाचा म्हणाले. "तोही कोणाचा तरी बाप असेल."

मग मला म्हणाले, "तू घाई केलीस ती बरी केलीस. चार दिवस मी खूश होतो." हे त्यांनी रागाने म्हटलं की कसं, मला अजून ठरवता येत नाही.

त्यानंतर वाट बघणं. मी त्या बाईंना तीनदा लिहिलं, प्रत्येक वेळी आधी माफी मागून. त्यांचं उत्तर यायचं, अजून सापडलं नाही. चाचा सुरुवातीला दर शनिवारी विचारायचे, "काही?" मी मान हलवायचो. मग त्यांनी विचारणं सोडलं, आणि ते मला जास्त जड गेलं. दरम्यान माझी परीक्षा झाली. उन्हाळ्यात चाचांना दवाखान्यात ठेवावं लागलं, श्वासाचा त्रास. घरी आले, पण दुकानात दुपारी चारपर्यंतच बसायला लागले. अब्बा एकदा डबा उघडता उघडता म्हणाले, "त्या बाईंना अजून एकदा लिही. माझ्यातर्फे लिही."

लिहिणार होतो, त्याआधीच उत्तर आलं. दुपारी मी कॉलेजच्या वाचनालयात होतो. ईमेलमध्ये होतं: फाइल सापडली, गावाच्या नावाखाली, तुमच्या तिसऱ्या उच्चाराप्रमाणे. पुढे चार कागदांचे फोटो. मी ते नीट वाचलेही नाहीत. बस पकडली आणि गालाला गेलो, कारण चाचा चार वाजता घरी जातात.

ते होते. मुलाने कॉम्प्रेसर बंद केला. अब्बा पलीकडून हात पुसत आले आणि दारातच उभे राहिले. मी फोनवरून इंग्रजी वाचत होतो आणि आमच्या बोलीत सांगत होतो. बायको आणि एक मुलगा यांना भारतातून येऊ द्यावं म्हणून अर्ज. नामंजूर. त्याच माणसाचा पुन्हा अर्ज. नामंजूर. तिसरा अर्ज. त्यावरही तोच शिक्का. चौथा कागद लग्नाच्या नोंदीचा होता. तिकडच्या एका बाईशी, तिकडेच.

चाचांनी डोळे मिटून ऐकलं. लग्नाचं ऐकून ते हलले नाहीत, ते त्यांना ठाऊकच होतं. मग म्हणाले, "आधी काय?"

"म्हणजे?"

"अर्ज आधी, की ती बाई आधी?"

मी ते पाहिलंच नव्हतं. एवढ्या लांबून धावत आलो आणि नेमकं तेच बघायचं राहिलं. घामाने फोनचा पडदा बोट ओळखेना. शर्टाला बोट पुसून मी एकेक कागद मोठा केला, कोपऱ्यातल्या तारखा वाचल्या, मग परत पहिल्यापासून वाचल्या, कारण या वेळी मला चुकायचं नव्हतं.

"अर्ज आधी," मी म्हणालो. "तिन्ही. एकेका वर्षाने. लग्न त्यानंतर सात वर्षांनी."

अब्बा दारातून आत आले आणि सीटच्या ढिगाऱ्यावर बसले. मी उरलेलं वाचलं. पहिल्या अर्जात मुलाच्या नावाची जागा रिकामी होती. तिसऱ्या अर्जात तिथे चाचांचं नाव होतं, वेडंवाकडं स्पेलिंग, पण वाचता येण्यासारखं, आणि पुढे लिहिलं होतं, वय तीन वर्षं.

"कुठल्या सालचा तो?" चाचांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं.

"चुकलंय," ते म्हणाले. "तेव्हा मी चार वर्षांचा होतो."